अकरा प्रयोगांचा वायदा

सरांनी मला फसवलं. अकरा प्रयोग ठरले होते, केला एकच. राहिलेल्या दहांतला एक माढ्याला व्हायचा होता आणि तो माझ्या थोरल्या भावासाठी होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी सरांबद्दल चार बऱ्या गोष्टीही लिहिणार आहे, त्या वाचून मी प्रकरण मिटवलं असा कुणाचा समज व्हायला नको.

मी सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा आडत्या आहे. शेतकऱ्याचा माल माझ्या गाळ्यावर उतरतो, मी लिलाव पुकारतो, खरेदीदार बोली लावतात. त्याआधी याच यार्डात नऊ वर्षं मी हमाली केली. माढ्याहून आलो तेव्हा अंगातला शर्ट दादाचा होता आणि गळाही त्याचाच. दादा गावात भजनाला उभा राहिला की ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची माणसं जेवण आटोपतं घ्यायची. आईबापांच्या मागे त्यानंच मला वाढवलं. गेली काही वर्षं तो अंथरुणाला खिळून आहे. डावं अंग गेलं, निम्मं बोलणं गेलं. कान मात्र शाबूत आहेत. त्याला गाडीत घालून सोलापूरला आणायची डॉक्टरांची परवानगी नाही. म्हणून माढा.

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले संगीताचे मास्तर. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातले. घरात कानडी, बाहेर मराठी, चिडले की दोन्ही. त्यांची नि माझी पहिली गाठ लिलावातच पडली. मी पिशव्यांच्या थप्पीवर उभा राहून पुकारत होतो. खाली खरेदीदारांचा घोळका आणि त्यांच्या मागे एक उंच, वाळका माणूस. पांढरा झब्बा, खांद्याला झोळी, एका हातात स्टीलचा पेला आणि दुसऱ्या हातात चमचा. मी आकडा पुकारला की हा माणूस पेल्यावर चमचा मारायचा. टण्‌. मी पुढचा आकडा पुकारला, पुन्हा टण्‌. मला वाटलं नवा खरेदीदार आहे, बोलायला लाजतोय, खुणेनं बोली लावतोय. मी चाळीस पिशव्या त्याच्या नावावर केल्या.

"कुठं उतरवायच्या?" मी विचारलं.

"काय?"

"कांदा. चाळीस पिशव्या तुमच्या झाल्या."

"मला आठवड्याला अर्धा किलो पुरतो," ते म्हणाले. "मी सूर बघत होतो. तुम्ही सगळा लिलाव काळी दोन पट्टीत करता. भाव चढला की तुम्ही चढता, पण भाव पडला तरी खाली येत नाही. मुद्दाम करता की सवय आहे?"

यार्डात अशा वेळी जे बोलतात ते सगळं मी त्यांना बोललो. खरेदीदार हसायला लागले, त्यांच्यासाठीही थोडं बोललो. सर डोळे मिटून ऐकत होते. मी थांबल्यावर ते पेल्यातलं घोटभर पाणी प्यायले, पुन्हा टण्‌ केलं आणि म्हणाले, "आता पांढरी चारला गेलात. मध्ये एकदाही श्वास घेतला नाहीत. राजा सापडला."

तेव्हापासून ते मला 'राजे' म्हणायला लागले. सगळ्यांसमोर. चिडण्यासारखं होतं, पण मी चिडलो नाही. हमाली केलेल्या माणसाला कुणी राजे म्हणत असलं तर तो आधी पुढं काय होतंय ते बघतो.

त्या पेल्याबद्दल सांगायला हवं. सर पेटी फक्त तालमीला काढत. एरवी सूर पेल्यावर धरत. पेल्यात पाणी असायचं आणि सूर चढवायचा असला की ते एक घोट पिऊन घ्यायचे. पाणी कमी, सूर वर. गाणं जितकं चढं तितकं सरांना पाणी जास्त. तालीम रंगात आली की सरांना उठून बाहेर जावं लागायचं. सात रस्त्यावरच्या ज्या हॉटेलात ते चहा घेत, तिथल्या मालकानं त्यांच्यासाठी प्लॅस्टिकचा ग्लास वेगळा ठेवला होता, कारण त्यांनी एकदा दुकानातले सगळे पेले वाजवून, सुरात लागणारे एका रांगेत आणि बेसूर दुसऱ्या रांगेत लावून ठेवले होते, आणि गिऱ्हाईकं बेसूर पेल्यातून पाणी प्यायला तयार होईनात.

आणि हा माणूस भाव करत नसे. मला त्यांची ही एक गोष्ट कधीच सहन झाली नाही. एकदा चादर घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो. दुकानदारानं आकडा सांगितला. तो त्यानं माझ्याकडे बघून सांगितला होता, म्हणजे निम्मा होणार हे धरूनच. सरांनी पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. दुकानदार इतका ओशाळला की चहा मागवायला लागला. मी मधे पडलो, दुकानदाराला झापलं, अर्धे पैसे परत घेतले. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "राजे, त्यानं तो आकडा किती छान म्हटला होता. तुम्ही उगीच मोडलात."

ज्यानं भाव केला नाही त्यानं माल नीट पाहिलाच नाही, असं माझं मत आहे. आजही आहे.

नाटकाचं त्यांनी गाळ्यावर येऊन सांगितलं. ग्रीस देशातलं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. त्याचा ऑपेरा करायचा. ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच, पण मधलं बोलणं नाही, सगळं गाऊन. राग आला तरी गाऊन, पाणी मागायचं तरी गाऊन.

सिद्धाप्पा मुकादम तिथंच पोत्यावर बसला होता. तो आमच्या हमालांचा म्होरक्या. त्याचं घराणं मेंढ्या राखणारं, त्यामुळं एका हाकेत माळ गोळा करायची सवय. तो म्हणाला, "मग लिलावच की वो! आमी रोज करतावच."

"म्हणून तर आलो," सर म्हणाले.

मला राजाचं काम. मी आयुष्यात कधी नाटकात उभा राहिलो नव्हतो, पण सौदा कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी तीन अटी घातल्या. राजा मरणार नाही. शेवटचं गाणं राजाचं. आणि प्रयोग अकरा, त्यातला एक माढ्याला.

"मरणार नाही. बरं," सर म्हणाले. "शेवटचं गाणं तुमचं. बरं. अकरा. बरं. माढ्याला पाचवा करू."

एका अटीवरही घासाघीस नाही. जे गिऱ्हाईक घासाघीस करत नाही त्याच्या खिशात एकतर पैसे नसतात किंवा त्याला माल न्यायचाच नसतो. हे मला ठाऊक होतं. तरी मी हातावर हात मारला. एवढी चूक माझी. बाकी सगळी त्यांची.

त्याच शनिवारी मी गावी जाऊन दादाला सांगितलं. दादाच्या चेहऱ्याची उजवी बाजूच फक्त हसते. ती हसली. "बारक्या... तू गानार?" एवढं म्हणायला त्याला बराच वेळ लागला. मग म्हणाला, "माढ्याला... कवा?" मी म्हटलं, पाचवा.

पुस्तक कुणाला मिळालं नाही. सरांना कोरा कागद वापरणं पाप वाटायचं. शिकवणीमुळं त्यांना गावभरच्या लग्नपत्रिका यायच्या, त्यांच्या कोऱ्या पाठींवर त्यांनी सगळं नाटक लिहिलं होतं, स्वरांसकट. ज्याचं त्याला तेवढंच पान. राजा म्हणून मी भाचीला देहान्ताची शिक्षा ठोठावतो ते गाणं मंगळवेढ्याच्या कुणा मुलीच्या हळदीच्या पत्रिकेवर होतं. माझी बायको ते वाचून म्हणाली, "अहो, जेवायला बोलावलंय का मारायला?"

गोष्ट अशी. दोन भाऊ गादीसाठी लढून एकमेकांच्या हातून मरतात. नवा राजा त्यांचा मामा, म्हणजे मी. मी हुकूम काढतो की एका भावाला मानानं माती द्या, दुसरा गद्दार, त्याला उघड्यावर टाका, हात लावेल तो मरेल. त्यांची बहीण रात्रीतून जाऊन त्याच्यावर मूठभर माती टाकून येते. मी तिला जिवंत गुहेत कोंडायला सांगतो. माझाच मुलगा तिच्याशी लग्न करणार असतो. गावची म्हातारी माणसं मला परोपरीनं सांगतात, सोड तिला. मी सोडत नाही.

गावची म्हातारी माणसं म्हणजे आमचे हमाल, सिद्धाप्पा पुढे. सरांनी त्यांना गोष्ट सांगितली.

"माती द्यायला न्हाय म्हनतो?" सिद्धाप्पा म्हणाला. "सख्ख्या भाच्याला? असला कसला राजा वो?"

"नाटकातला आहे रे," मी म्हटलं.

"नाटकातला असंना. कुनी म्हनतं का असं? वैऱ्यालाबी माती देत्यात की."

दुसऱ्या दिवशी माझ्या गाळ्यासमोर दोन ट्रक तासभर तसेच उभे. हमाल सगळे चहाला गेलेले. एवढा मोठा चहा मी कधी पाहिला नव्हता. मी जाऊन ओरडलो तर सिद्धाप्पा बशी खाली न ठेवता म्हणाला, "मालक, सरास्नी सांगा, हुकूम मागं घ्यायला लावा. मग ट्रक उतरतो." शेवटी सर आले. त्यांच्या घराण्यात माणूस गेला की बसवून पुरतात, त्यामुळं माती काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते हमालांना म्हणाले, "तुम्हाला राग आलाय ना? तो ट्रकवर कशाला घालवता? संध्याकाळी घेऊन या. तोच गायचाय." त्या संध्याकाळी हमाल माझ्याविरुद्ध जे गायले त्यानं शेजारच्या गाळ्याचा कुलूप लावलेला पत्रा वाजत होता.

माझी चूक तिसऱ्या आठवड्यात झाली. म्हातारी माणसं राजाला विनवतात असा भाग होता. सिद्धाप्पा गातो, 'सोड राजा, बहिणीला सोड.' मी गप्प. दुसऱ्यांदा सूर चढवून, 'सोड राजा.' मी गप्प. तिसऱ्यांदा आणखी चढवून. आता तीस वर्षं माझ्या कानावर तिसरी हाक पडली की सौदा पक्का होतो आणि हात आपोआप उठतो. मी तळहातावर टाळी मारून पूर्ण आवाजात म्हणालो, "दिली!"

हमालांनी जल्लोष केला. सिद्धाप्पानं मला मिठी मारली. बहिणीचं काम करणारी पद्मा, साखर पेठेतल्या तेलुगू विणकराची मुलगी, गुहेच्या जागी ठेवलेल्या रिकाम्या खोक्यांमागून उठून म्हणाली, "मग मी घरी जाऊ काय काका?"

सरांनी पेटीवर डोकं टेकवलं. "राजे, तुम्ही नाटक पहिल्या तासात संपवलंत. पुढे तीन माणसं मरायची आहेत."

त्यावर उपाय म्हणून त्यांनी विनवणी चार वेळा केली. चौथी हाक यार्डात नसते, त्यामुळं माझा हात उठला नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तीन माणसं मरायची आहेत. मला माझी पुढची पानं तोवर दिलीच नव्हती. कोण कोण, विचारलं. बहीण, माझा मुलगा आणि माझी राणी.

"आणि मी?"

"तुम्ही मरत नाही. तुमची अट आहे," सर म्हणाले. "शेवटचं गाणं तुमचं. तीही अट आहे. मुलाला उचलून आणता आणि गाता."

मी तिथल्या तिथं नाटक सोडलं. हार्मोनियमला लाथ मारणार होतो, पण ती माझ्याच गाळ्यात होती आणि मोडली असती तर भरून मीच देणार होतो. दोन दिवस तालमीला थांबलो नाही. तिसऱ्या दिवशी सर आले ते पेला न घेता. कधी नव्हे ते. त्यांनी विचारलं, "बहिणीला का सोडत नाही राजा?"

"बोलला म्हणून. बोललेला शब्द खाली आणला तर उद्या यार्डात कोण विचारेल?"

"मग शेवटी का सोडायला धावतो?"

ते मला कळलेलं नव्हतं. पण तोंडातून एक जुनी गोष्ट निघाली. एका वर्षी माझा स्वतःचा कांदा साठवणीच्या चाळीत होता. भाव चांगला आला होता. मी त्याच्या वर एका आकड्यावर अडून बसलो. दादा तेव्हा हिंडताफिरता होता, तो मुद्दाम आला आणि म्हणाला, बारक्या, दे. मी दिला नाही. पंधरा दिवसांनी चाळीच्या खालून काळं पाणी वाहायला लागलं. मग मीच मिळेल त्या भावाला द्यायला धावत सुटलो. ज्याला आधी हाकललं होतं तोच नाक धरून दारात उभा होता आणि मी त्याला म्हणत होतो, बघा तरी, वरचा बरा आहे. वरचाही बरा नव्हता.

सर म्हणाले, "हे घरी कुणाला सांगितलंत?"

"दादाला माहीत आहे."

"मग त्याच्यासाठी गा."

मी परत तालमीला उभा राहिलो. असल्या बाबतीत हा माणूस हुशार होता. माझी दुखरी जागा कुठली हे एकदा कळलं की तो तिथंच पेटी ठेवायचा.

सात महिने तालीम चालली. लिलाव आटोपला की गाळ्यात, पाच ते सात. त्या काळात सरांनी कुणालाही 'छान' म्हटलं नाही. त्यांचा सगळ्यात मोठा शेरा 'साकू' हा होता. कानडीत म्हणजे पुरे. गाणं जमलं की साकू, बिघडलं की साकू, जेवताना वाढणाऱ्याला साकू. कुठला साकू कुठला ते ओळखायला आम्हाला दोन महिने लागले. पद्मा मात्र पहिल्या दिवसापासून ओळखायची. मी तिच्यावर राजा म्हणून ओरडायचो, कधीकधी लिलावातला राग जोडून ओरडायचो. ती शांतपणे म्हणायची, "तुम्ही ओरडा काका. मी सूर सोडत नाही."

प्रयोग यार्डातल्या लिलावाच्या शेडमध्ये, बाजार बंद असतो त्या दिवशी, सकाळी सात वाजता. तिकडे ग्रीसमध्ये उजेडातच करायचे, असं सरांचं म्हणणं. पडदा नाही, दिवे नाहीत. लोक पोत्यांवर बसलेले. शिक्षक, व्यापारी, यंत्रमागावरच्या बाया, पुढच्या बाजारासाठी रात्रीच माल घेऊन येऊन बसलेले शेतकरी. पेठेतून पद्माची सगळी आळी आलेली. दारात सरांनी कांद्याची एक गोणी धरली होती आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचा फोन त्यात टाकायला लावत होते. माझ्या खऱ्या मुलानं दादासाठी रेकॉर्डिंग करायचं ठरवलं होतं. मी सरांना तसं म्हणालो.

"कशाला?" सर म्हणाले. "ते माढ्याला समोर बसून ऐकतील की."

हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडावर म्हटलं. सिद्धाप्पा साक्षीला आहे. मी मुलाचा फोन घेऊन माझ्या हातानं गोणीत टाकला.

पहिले दोन भाग सुरळीत गेले. चौथ्या विनवणीला एक शेतकरी उठून ओरडला, "आरं सोड की, तुझ्या..." आणि पुढचं त्याच्या बायकोनं दाबलं. मी सोडली नाही. मग एक म्हातारा ज्योतिषी येऊन वाईट शकुन सांगतो, राजा हादरतो, धावत सुटतो, आणि उशीर झालेला असतो. माझ्या मुलाचं काम करणारा गडी विमा विकायचा, पंच्याऐंशी किलोचा. तालमीत असं बसवलं होतं की चार हमाल त्याला झोळीसारखा उचलून आणतील आणि मी शेजारून गात चालेन.

मी खोक्यांमागं गेलो. तो पडलेला होता, डोळे मिटून, तोंड उघडं. चार हमाल वाकले. आणि मला काय झालं मला सांगता येत नाही. मी त्यांना बाजूला सारलं. खाली बसलो, त्याला पाठीवर ओढला, जसं पोतं घेतात तसा. एकवीस वर्षं मी पोतं उचललेलं नव्हतं. गुडघा अर्ध्यात अडकला. उठता येईना. यार्डात एक पद्धत आहे. हमाल ओझ्याखाली अडला की तो नाव घेऊन कुणाला बोलवत नाही, नुसतं 'हात दे' म्हणतो, आणि जवळ असेल त्यानं, भांडण असलं तरी, खालून हात लावायचा. आडत्या झाल्यापासून मी ते कुणाला म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही म्हणून तर आडत्या झालो.

ते मी गायलो. 'हात द्या रे.' पत्रिकेवर ते नव्हतं. चालही नव्हती. सिद्धाप्पा म्हाताऱ्यांच्या रांगेतून निघाला, त्यानं खालून हात लावला, मी उठलो, आणि चालत चालत पुढचं सगळं गायलो. सात महिने बसवलेलं त्यातलं थोडं होतं, बाकीचं कुठून आलं कुणास ठाऊक. निम्म्यात कधीतरी पेटी बंद झाली होती, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. मला तेव्हा फक्त माझाच आवाज ऐकू येत होता, आणि खरं म्हणजे तो माझा नव्हता. ओढ्यापलीकडं ऐकू जाणारा तो आवाज होता.

लोक रडले. काही खरेदीदार आजही म्हणतात की कांद्यामुळं. शेड आदल्या दिवशी धुऊन घेतलं होतं. मी उभा राहून धुऊन घेतलं होतं.

सर पेटीमागे उभे होते. मी गेलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साकू." मला वाटलं तो जमल्याचा साकू आहे.

तो पुरे झाल्याचा होता. दुसऱ्या दिवशी मी बार्शीचं नाट्यगृह बोलून, त्यांचा आकडा निम्म्यावर आणून, आनंदात सरांच्या खोलीवर गेलो तर खोली रिकामी. घरमालकानं सांगितलं, पेटी आणि पेला घेऊन गावी गेले. सगळ्यांकडची पानं त्यांनी प्रयोग संपल्या संपल्याच परत घेतली होती, दुरुस्त्या करायच्या म्हणून. आम्ही दिली. इतक्या माणसांत एकालाही शंका आली नाही. आम्ही रोज तोलून मापून व्यवहार करणारी माणसं!

गावाचं नाव त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते शोधायला मला पावसाळ्याचे तीन महिने गेले. अक्कलकोटहून पुढे, एक कच्चा रस्ता, शेवटी कडुनिंबाखाली बाज टाकून सर बसलेले. मला बघून उठले, पाणी दिलं. मी पाणी घेतलं नाही.

"दहा प्रयोग," मी म्हटलं.

"नाही राजे. तिकडे, त्या देशात, असं एकदाच करायचे. देवासमोर एकदा. मग संपलं."

"मग अकरा का म्हणालात?"

"एकच म्हटलं असतं तर तुम्ही उभेच राहिला नसता. पहिल्याच दिवशी पोतं पाठीवर घ्यायला कुणी तयार होत नाही. अजून दहा आहेत म्हटल्यावर माणूस मोकळा होतो." हे त्यांनी जराही न लाजता सांगितलं. "हो, फसवलं मी तुम्हाला."

"पानं कुठं आहेत?"

"माती दिली."

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी गोठ्याच्या मागची जागा दाखवली. मी गोठ्यातली कुदळ घेतली. "खणा की," ते म्हणाले, "मी कुठं अडवलंय?" मी तीन ठिकाणी खणलं. भर उन्हात, शर्ट काढून. ते बाजेवर बसून बघत होते आणि कुदळ दगडावर आपटली की कुठला सूर लागला ते सांगत होते. तिसऱ्या खड्ड्यात सापडलं. लाल-पिवळा लगदा. पावसाच्या आधी पुरलं होतं. त्यात एकाही अक्षराला अक्षर लागेना.

मी तिथंच बसलो. म्हटलं, "ठीक आहे. पेटी काढा. तुम्हाला पाठ असेल. मला फक्त शेवटचं गाणं परत द्या. दादापुरतं."

सरांनी पेटी काढली. वाजवली. मी गायलो. पोतं उचलण्यापर्यंत सगळं आलं. तिथं ते थांबले.

"पुढं?"

"पुढचं मी लिहिलेलं नव्हतं, राजे. ते तुमचं होतं. मी पेटी बंद केली होती. मला कसं आठवेल?"

"मलाही आठवत नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला नाही. सरांनी ते टिपलं असणार, पण पेला वाजवला नाही.

हे सगळं झालं. आता खरी गोष्ट. सिद्धाप्पा मधल्या काळात माढ्याला जाऊन दादाला भेटून आला आणि सगळं वर्णन करून आला. कसा उचलला, कसा गायलो, मुकादमाच्या हाताला कसा घाम आला. त्यानंतर दर शनिवारी मी गेलो की दादा विचारतो, "माढ्याला... कवा?" मी सांगितलं, पाऊस आहे. मी सांगितलं, पद्माची परीक्षा आहे. एकदा दार लावून त्याच्यासमोर बसून गायलो, जमेल तसं, आठवेल तसं. दादानं उजवा हात उचलला आणि हलवला. "ह्ये न्हाय. शिद्द्या म्हनला... तसलं न्हाय." आणि परत, "कवा?"

माझी कारणं संपली आहेत. खोटं बोलून माल खपवायला मी यार्डात शिकलो, पण त्या माणसासमोर ते चालत नाही. म्हणून हे लिहिलं. सर, तुम्ही वाचाल. वायदा तुम्ही केला, मोडला तुम्ही, फसवलं हेही तुम्ही न लाजता तोंडानं सांगितलं. मग ते दादाला सांगा. मी शनिवारी सकाळी गाडी घेऊन तुमच्या दारात येतो. माढ्याला चला, त्याच्या बाजेशेजारी बसा, आणि तो 'कवा?' म्हणेल तेव्हा उत्तर तुम्ही द्या. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. पण उत्तर दिल्याशिवाय त्या खोलीतून तुम्हाला उठू देणार नाही, आणि यात भाव होणार नाही.